मिनॅकची वाळू

पहिला दिवस

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून सुटलेली गाडी पाच-साडेपाच तासांनी पेन्झान्सला पोचते आणि तिथे रूळच संपतात. पुढे समुद्र. इंग्लंडच्या नकाशात नैऋत्येला जमिनीची एक लांब जीभ पाण्यात गेलेली दिसते ते कॉर्नवॉल, आणि पेन्झान्स तिच्या अगदी टोकाजवळ.

आई बहात्तर वर्षांची आहे. तिनं तीसेक वर्षं हौशी नाट्यसंस्थेत वेशभूषा सांभाळली, त्याच संस्थेत मी प्रकाशयोजना शिकले. आमच्या तालमीच्या खोलीत भिंतीवर एक चित्र चिकटवलेलं होतं, कुठल्याशा मासिकातून कापलेलं. कड्याच्या पोटात गोलाकार दगडी पायऱ्या, तळाशी छोटासा रंगमंच, आणि त्याच्या मागे भिंत नाही, पडदा नाही, थेट समुद्र. खाली नाव होतं मिनॅक थिएटर. आई त्या चित्रासमोर उभी राहून म्हणायची, "इथे कपडे वाऱ्यानं कसे उडत असतील गं! काठांना वजन लावावं लागत असेल." तो प्रश्न तिनं इतकी वर्षं जपून ठेवला होता. भाऊ रेडिंगला राहायला गेल्यावर आम्ही त्याच्याकडे आलो, तेव्हा तिनं बाकी काही मागितलं नाही. "मला तेवढं ते थिएटर दाखव," म्हणाली.

एक्झिटर सोडलं की गाडी समुद्राच्या इतकी कडेनं जाते की भरतीला पाणी डब्याच्या काचेवर उडतं. याच पट्ट्यात, डॉलिश गावाजवळ, फेब्रुवारी २०१४ च्या वादळात समुद्राची भिंत कोसळली आणि रूळ नुसते हवेत लोंबकळत राहिले. ते दुरुस्त करायला दोन महिने लागले, आणि तोवर अख्ख्या कॉर्नवॉलची रेल्वे तुटलेली होती. प्लिमथनंतर टेमार नदीवरचा, ब्रुनेल या इंजिनिअरनं बांधलेला पूल लागतो. तो १८५९ साली खुला झाला, आणि त्याच वर्षी ब्रुनेल गेला. पूल ओलांडला की कॉर्नवॉल.

पेन्झान्स यायच्या जरा आधी डाव्या हाताला पाण्यात एक डोंगर उभा राहिला, माथ्यावर किल्ल्यासारखी वास्तू. सेंट मायकल्स माउंट. ओहोटीला दगडी वाटेनं चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. आम्ही तो खिडकीतूनच पाहिला. या सहलीत आम्हाला एकच जागा डोळे भरून बघायची होती.

दुसरा दिवस

मिनॅक आहे त्या पोर्थकर्नो गावाला पेन्झान्सहून बस जाते. रस्ता इतका अरुंद की दोन्ही बाजूंचे दगडी बांध हात बाहेर काढला तर लागतील. या बांधांना तिथे हेजच म्हणतात, पण ते झुडपांचे नसतात. दगड रचून मध्ये माती भरतात आणि त्यावर गवत, फुलं, झाडं आपोआप उगवतात. शेवटच्या वळणावर बस उताराला लागली आणि खाली पाणी दिसलं. मी निळा म्हणू की हिरवा, ठरवता येईना. पोर्थकर्नोची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची, जवळजवळ पांढरी. तळ पांढरा असल्यामुळे उथळ पाण्याचा रंग असा उजळून निघतो.

किनाऱ्यावरून थिएटरकडे नव्वद पायऱ्यांचा खडा चढ आहे. आईच्या गुडघ्यांना तो झेपणारा नव्हता, म्हणून आम्ही गाडीरस्त्यानं वर गेलो. मिनॅकची गंमत अशी की प्रवेश माथ्यावरून होतो. नाट्यगृहात शिरल्यावर आपण चढत नाही, उतरतो. आणि आधी काहीच दिसत नाही. तिकिटाची खिडकी, झाडं, एक वळण. मग पायाखालची जमीन संपते आणि तिथून खाली पायऱ्यांमागून पायऱ्या थेट समुद्रापर्यंत गेल्यासारख्या दिसतात.

आई माझा दंड धरून उभी राहिली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चित्रात हे एवढं उभं वाटत नव्हतं."

खरंच वाटत नाही. फोटो सपाट करून टाकतो. प्रत्यक्षात प्रत्येक रांग पुढच्या रांगेच्या डोक्यावरून बघते, इतका तो उतार तीव्र आहे. साडेसातशेच्या आसपास माणसं बसतात. काही आसनं गवताची, दगडी कठडा असलेली, काही काँक्रीटची. कडेनं घायपातीसारखी टोकदार पानं, कमळासारख्या रसरशीत पाकळ्यांची रोपटी, लाल-जांभळ्या फुलांचे ताटवे. ही झाडं उष्ण प्रदेशातली, पण इथला हिवाळा समुद्रामुळे सौम्य असतो म्हणून ती तग धरतात.

हे सगळं एका बाईनं बांधलं. रोवेना केड. जन्म १८९३, डर्बीशायरमधला. पहिल्या महायुद्धानंतर ती आईबरोबर कॉर्नवॉलला आली, मिनॅकचा हा कडा शंभर पौंडांना विकत घेतला आणि वर घर बांधलं. मिनॅक हे नावच कॉर्निश भाषेतलं, अर्थ खडकाळ जागा. गावातली हौशी मंडळी १९२९ साली जवळच्या एका कुरणात शेक्सपिअरचं नाटक करत होती, रोवेना त्यांचे कपडे शिवायची. (इथे आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला हे आजवर माहीत नव्हतं.) मंडळींना पुढचं नाटक टेम्पेस्ट करायचं होतं. बेट, वादळ, फुटलेलं जहाज. त्याला कुरण काय कामाचं? रोवेनानं घराखालचा कडा पाहिला आणि म्हणाली, इथे करा.

१९३१-३२ च्या हिवाळ्यात तिनं आणि बिली रॉलिंग्ज या तिच्या माळ्यानं, चार्ल्स अँगोव्ह या आणखी एका कारागिराला घेऊन, हातानं कडा फोडायला सुरुवात केली. ग्रॅनाइटचे धोंडे सरकवायचे, तोडायचे, रचायचे, खालून माती भरायची. पाय घसरला तर खाली खडक आणि लाटा. सहा महिन्यांत रंगमंच आणि काही रांगा उभ्या राहिल्या. १६ ऑगस्ट १९३२ ला पहिला प्रयोग झाला. उजेड कसला होता, तर बॅटऱ्यांचा, घरातून खाली आणलेल्या जेमतेम विजेचा आणि मोटारींच्या दिव्यांचा! मी ती ओळ प्रदर्शनाच्या फलकासमोर उभी राहून पुन्हा पुन्हा वाचली. गाडीचा दिवा सरळ झोत टाकतो, मंद करता येत नाही, रंग बदलता येत नाही. तरी त्या लोकांनी त्यात वादळ उभं केलं. आणि मागे चंद्राखाली खरा समुद्र.

बांधकाम त्यानंतर पन्नासेक वर्षं चाललं. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याला काटेरी तारा पडल्या, काम थांबलं, युद्ध संपल्यावर पुन्हा सुरू झालं. ग्रॅनाइट महाग आणि घडवायला जड, म्हणून रोवेनानं काँक्रीट वापरायचं ठरवलं. त्यासाठी वाळू हवी. ती खालच्या किनाऱ्यावरून पोत्यात भरायची आणि पाठीवर घेऊन वर आणायची. दर हिवाळ्यात, स्वतः. काँक्रीट ओलं असताना जुन्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं त्यावर केल्टिक वेलबुट्टी कोरायची, आणि आसनांवर इथे झालेल्या नाटकांची नावं नि साल. आम्ही रांगेनं ती वाचत गेलो. आई प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवत होती, एखाद्या लुगड्याच्या काठावरून फिरवावं तसं.

तिच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. एक स्पॅनिश मालवाहू जहाज इथे फुटलं, त्यातल्या इमारती लाकडाच्या पंधरा-पंधरा फुटी तुळया किनाऱ्याला लागल्या. रोवेनानं अशा बारा तुळया एकटीनं वर ओढून नेल्या. फुटलेल्या जहाजाच्या मालावर सरकारचं लक्ष असतं, तेव्हा चौकशीला माणसं आली. लाकूड पाहिलंत का, विचारलं. तिनं खरं तेच सांगितलं, सकाळीच थोडं वर नेलं म्हणून. त्या किरकोळ बाईकडे बघून त्यांचा विश्वासच बसेना आणि ते निघून गेले. त्या लाकडाच्या कलाकारांसाठी कपडे बदलायच्या खोल्या झाल्या.

१९७६ साली तिनं नाट्यगृह एका धर्मादाय न्यासाच्या हवाली केलं. १९८३ साली, नव्वदाव्या वाढदिवसाच्या काही महिने आधी, ती गेली. या नाट्यगृहावर छप्पर घालायचे तिचे आराखडे प्रदर्शनात आहेत, म्हणजे शेवटपर्यंत तिचं काम संपलेलं नव्हतं.

आम्ही तिथे तीन तास होतो. दुपारी खाली उतरून पोर्थकर्नोच्या संग्रहालयात गेलो, ते आधी ठरलेलंही नव्हतं. १८७० साली याच किनाऱ्यावर समुद्राखालची तार आणली गेली. तिचं दुसरं टोक मुंबईत! लिस्बनजवळून जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, सुएझ, एडन आणि मुंबई. तोवर जमिनीवरून जाणारा निरोप दिवसांचे दिवस वाटेत अडकायचा आणि पोचेपर्यंत शब्द मोडून जायचे. ते काम आता मिनिटांवर आलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून हे ठाणं वाचवायला कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणीतल्या कामगारांनी टेकडीच्या आत बोगदे खणले, संग्रहालयाचा मोठा भाग त्या बोगद्यांतच आहे. कागदाच्या पट्टीवर शाईची रेघ वरखाली थरथरत जाते आणि त्या थरथरण्याचीच अक्षरं होतात, असं एक यंत्र तिथे आहे. आई त्या पट्टीकडे पाहत म्हणाली, "मुंबईचं बोलणं इथे असं यायचं तर!"

तिसरा दिवस

सकाळी न्यूलिनपर्यंत समुद्राच्या कडेनं चाललो. मासेमारीचं बंदर, भरपूर चिखल, भरपूर सीगल. धक्क्याच्या टोकाला एक छोटा दीपस्तंभ आणि त्याला लागून एक खोली आहे. १९१५ ते १९२१ या काळात तिथे मोजलेली समुद्राची सरासरी पातळी म्हणजे ब्रिटनच्या नकाशांवरचं शून्य. त्या देशाच्या मुख्य भूमीवरच्या कुठल्याही डोंगराची उंची इथून मोजली जाते. एरवी मी यावर बरंच लिहिलं असतं, पण त्या दिवशी माझं अर्धं लक्ष आकाशाकडे होतं.

दुपारी दोनला मिझल सुरू झालं. धुकं आणि भुरभुर यांच्या मधलं जे काही इथे पडतं त्याला कॉर्नवॉलची माणसं हा शब्द वापरतात. पाऊस पडतोय असं दिसत नाही, पण पाच मिनिटांत चष्म्याची काच भिजते. संध्याकाळचा कार्यक्रम मैफलीचा होता, तिथल्याच परिसरातलं पुरुषांचं समूहगायन आणि सोबत ब्रास बँड. मला वाटलं, रद्द होणार. घरमालकिणीनं समजूत घातली की वादळी वारा असला, म्हणजे कलाकारांना धोका असला, तरच प्रयोग थांबतो. नुसत्या पावसानं नाही. आणि छत्र्या नेऊ नका, म्हणाली. मागच्या माणसाला दिसत नाही म्हणून तिथे छत्री उघडू देत नाहीत.

मग आम्ही दोन स्वेटर, रेनकोट, टोपी, थर्मासमध्ये चहा असं सगळं बरोबर घेतलं. वरच्या रांगेची तिकिटं आधीच काढली होती, कारण प्रवेशापासून तिथवर उतरायला पायऱ्या कमी. काँक्रीटवर बसायला उशी भाड्यानं मिळते. ती घ्याच. साडेसातला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मिझल चालूच होतं. सगळे जण टोप्या ओढून बसले होते आणि एकही माणूस उठला नाही.

पहिल्याच सुराला आईनं माझं मनगट दाबलं. "बघ, चिमटे!"

बँडवाल्यांनी सुरावटीचे कागद वाऱ्यानं उडू नयेत म्हणून स्टँडला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. प्रत्येक स्टँडला चार. आईचा चेहरा असा उजळला की तिच्या पंचवीस-तीस वर्षांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं हे मला दिसलं. मध्यंतरात तिनं गायकांच्या कोटांचे काठही निरखले आणि जड कापड घेतलंय, म्हणून मान डोलावली.

उघड्यावर गाणं अवघड असतं. बंद सभागृहात भिंती आवाज परत देतात, गायकाला स्वतःचा सूर ऐकू येतो, शेवटची अक्षरं हवेत थोडी रेंगाळतात. इथे मागे भिंत नाही, वर छत नाही. जो सूर पाठीमागे गेला तो समुद्राचा झाला. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, त्याला इथे कुणाचा आधार नाही. म्हणून हा तीव्र उतार कामाला येतो. मधे कुणाचं डोकं येत नाही, गाणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत सरळ वाट असते, आणि पायाखालचा दगड थोडाफार आवाज वर फेकतो. वारा कुठून येतो यावरही पुष्कळ अवलंबून. समुद्राकडून वर येणारा वारा सूर प्रेक्षकांकडे वाकवून आणतो, उलटा असेल तर तो उचलून डोक्यावरून नेतो. त्या संध्याकाळी वारा खालून वर येत होता. मायक्रोफोन होते, पण हलके. दोन गाण्यांमध्ये शांतता झाली की खाली खडकावर फुटणारी लाट ऐकू येई, आणि मला वाटतं गायक तिची वाट पाहत होते. तिचा आवाज विरल्याशिवाय पुढचं गाणं उचलत नव्हते.

अशा समूहगायनाची परंपरा इथल्या खाणींतून आणि मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनामंदिरांतून आलेली. कथिलाच्या खाणी बंद पडल्या, शेवटची मोठी १९९८ साली. माणसं मात्र गातात. आमच्या समोरच्या रांगेतले एक आजोबा ओठ हलवत सगळं त्यांच्याबरोबर म्हणत होते, आवाज न काढता.

जूनच्या शेवटी इथे सूर्य साडेनऊला मावळतो. प्रकाशयोजनेच्या माणसासाठी हे फार मोठं प्रकरण आहे. पहिला अर्धा भाग लख्ख उजेडात, दिव्यांना काही अर्थ नाही. मग ढगाआड तो हळूहळू उतरतो, आणि नेमकं कुठल्या क्षणी दिवा दिसायला लागेल हे कुणालाच सांगता येत नाही. मी कार्यक्रमभर तो क्षण पकडायचा प्रयत्न करत होते. एका मंद गाण्यात पहिल्या रांगेतल्या गायकांच्या चेहऱ्यांवर पिवळसर रंग चढला, तेव्हा कळलं, की आता. ज्यानं तो सोडला त्यानं तो इतका हलक्या हातानं सोडला होता की शेजारच्या कुणालाही तो कळला नसेल. मी मनातल्या मनात त्याला दाद दिली.

मध्यंतरानंतर मिझल थांबलं. समोर, पाण्यापलीकडे ट्रेरिन डिनासचं टोक आहे, त्यावर लोगन रॉक नावाचा सुमारे ऐंशी टनांचा धोंडा. हात लावला की डुलायचा. १८२४ साली नौदलाच्या एका लेफ्टनंटनं खलाशांना घेऊन तो ढकलून पाडला. गाव इतकं भडकलं की शेवटी तो त्याच लेफ्टनंटला पुन्हा जागेवर बसवून द्यावा लागला. सूर्य आमच्या पाठीमागे मावळत असल्यामुळे अख्खं नाट्यगृह सावलीत गेलं आणि ते समोरचं टोक एकटंच तांबूस झालं. तेही विझलं. मग त्याच्या उजव्या अंगाला, ढगांच्या फटीत, चंद्र.

"आज चतुर्दशी," आई पुटपुटली.

दोन गाण्यांपुरताच तो दिसला. पाण्यावर एक पांढरी वाट रंगमंचाच्या कठड्यापर्यंत आली आणि गायक त्या वाटेच्या मधोमध काळ्या आकृत्या होऊन उभे राहिले. पुन्हा ढग आले. दिवे वाढले. आईच्या गालांवर ओल होती, आणि पाऊस तर कधीचा थांबला होता.

चौथा दिवस

दुपारची गाडी होती. सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही पुन्हा पोर्थकर्नोला गेलो. रात्री झोपताना आईनंच ठरवलं होतं. "ती वाळू पाठीवर न्यायची म्हणजे किती जड, ते मला बघायचंय. मला नाही जमायचं. तू ने."

ओहोटी होती, किनारा मोठा झाला होता. मी पाठीवरची पिशवी रिकामी केली, आत प्लास्टिकची दुहेरी थैली घातली आणि हातानं ओली वाळू भरायला लागले. आई पायथ्याच्या दगडावर बसून "अजून, अजून" म्हणत होती. अर्धी पिशवी भरल्यावर ती उचलवेना. थोडी काढली. पाठीवर घेतली.

पहिल्या वीस पायऱ्या ठीक. तिसाव्या पायरीपाशी वाळूतलं पाणी निथळून पाठीवरून खाली यायला लागलं. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, एक गुडघ्याएवढी तर दुसरी वीतभर, त्यामुळे लय सापडत नाही, प्रत्येक पायरीला नव्यानं जोर लावावा लागतो. चाळिसाव्या पायरीला मी कठड्याला टेकले. खाली आई बोटांवर मोजत होती. पट्ट्यांनी खांदे भाजत होते. वर बघितलं तर नाट्यगृह दिसतही नव्हतं, नुसता खडक आणि गवत. रोवेना केडनं हे किती वेळा केलं असेल त्याचा हिशेब मी करायला गेले आणि सोडून दिला.

बावन्नाव्या पायरीवर थांबले. तिथून परत फिरले.

किनाऱ्यावरची वाळू बाहेर नेता येत नाही, आणि न्यायचीही नव्हती. पाण्याच्या कडेशी जाऊन मी पिशवी उलटी केली. आई हळूहळू चालत माझ्याजवळ आली, चप्पल काढून ओल्या वाळूत उभी राहिली.

"किती झाल्या?"

"बावन्न."

"आणि ती तर कपडे शिवणारी बाई," आई म्हणाली. ओतलेल्या ढिगावर तिनं पाय ठेवला, तो घोट्यापर्यंत आत गेला, आणि लाट आली.